दस्तगीरची तिसरी फीत

सात वर्षांत हवालदार. एवढ्या लवकर कोणी होत नाही, असं दस्तगीरच्या पलटणीतले लोक म्हणत होते. ते आमच्या गल्लीला कळलं तेव्हा हसीनाचाचींनी घरोघर जिलेबी पाठवली. शेजारच्या तारामतीमावशींनी जिलेबीचा पुडा घेत विचारलं, "कोणत्या ठाण्याला हाय म्हणं आता?"

"ठाण्याला न्हाई वं. फौजेतला हवालदार," चाची म्हणाल्या. "तीन फिती हायत बाहीवर."

"मंग साहेबच झाला म्हणा की."

"हौ. साहेबच."

दस्तगीर त्यांचा मुलगा. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला भाई म्हणतो. त्याचे वडील अकरमचाचा यांचा लातुरात बँड आहे. लग्नात वाजतो तो. लाल कोट, खांद्यावर पिवळी झालर. चाचा क्लारनेट वाजवतात आणि सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या बँडात मास्तर ठरवायची रीत सोपी आहे. जो सगळ्यांत चांगला वाजवतो तो मास्तर. तो सगळ्यांच्या पुढे चालतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त वाजवतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात खुळखुळा देतात. दस्तगीरने खुळखुळ्यापासून सुरुवात केली आणि मिसरूड फुटायच्या आत तो क्लारनेटवर आला.

भूकंप झाला तेव्हा तो बारावीत होता. किल्लारीकडची गावं झोपेतच गेली. त्या हंगामात जिल्ह्यात बँड सांगायला कोणी आलं नाही. कोण येणार? चाचांनी वरातीचा जनरेटर आणि दिव्यांची गाडी ट्रॅक्टरला जोडली आणि एका पडलेल्या गावात नेऊन उभी केली. वरातीच्या दिव्यांखाली जवान दगड उचलत होते. दस्तगीर डिझेल ओतायला थांबला.

तिथे त्याला स्ट्रेचर उचलणारे जवान दिसले. चहा पिताना कळलं की ते बँडवाले आहेत. एरवी वाजवतात, वेळ आली की स्ट्रेचर उचलतात. फौजेतही बँड असतो हे दस्तगीरला तेव्हा कळलं. त्यांच्यात एक भोकरचा होता. सटवाजी. ट्रंपेट वाजवायचा.

"तू काय करतो रं?" सटवाजीने विचारलं.

"क्लारनेट."

जरा वाजवून दाखव, असं म्हणायची ती जागा नव्हती. सटवाजीने त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि भरती कुठे होते ते सांगितलं.

दस्तगीर पुढच्या वर्षी गेला. साहेबांनी वाजवायला सांगितलं, याने वाजवलं, त्यांनी घेतलं. सटवाजी त्याचा उस्ताद झाला. लग्नातल्या गाण्यांनी सैल झालेला त्याचा हात सटवाजीने घट्ट केला. कागदावर लिहिलेलं वाजवायला शिकवलं. पावलं टाकायला शिकवली.

मग बाहीवर फिती येत गेल्या. पहिली लान्सनाईकची. दुसरी नाईकची. उस्ताद स्वतः दोन फितींवर होता, म्हणजे शिष्य त्याच्या बरोबरीला आला. पलटणीच्या बँडला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं. साहेब खूश होते. दस्तगीर उंच, ताठ, बारावी पास. बँडमधला हवालदार पेन्शनीत गेला तेव्हा त्यांनी सटवाजीला वगळून तिसरी फीत दस्तगीरला दिली.

घरी त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "अब्बा, आता मी बँडच्या सगळ्यांत पुढं चालतो."

चाचांनी त्याचा एकच अर्थ घेतला. पोरगा फौजेत मास्तर झाला.

तो जूनमध्ये रजेवर आला. लातुरात जून म्हणजे निकालांचा महिना. मी मराठीत बी.ए. केलं आणि एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. तिथे मराठी म्हणजे फिजिक्सच्या दोन तासांमधली विश्रांती. निकाल लागला की प्रत्येक क्लास आपल्या मुलांची मिरवणूक काढतो. फुलांची जीप, फटाके, बँड. लग्नसराई उतरलेली असते, आणि तेव्हाच क्लासवाले चाचांकडे येतात. भूकंपाच्या वर्षी एकही सुपारी नसलेला बँड आता जूनमध्येही रिकामा नसतो.

आमच्या क्लासचे मालक महादेवप्पासर. निलंग्याकडचे. यंदा आमची पुनम नावाची मुलगी गुणवत्ता यादीत आली होती. दस्तगीर आल्याचं कळताच सर स्वतः गल्लीत आले.

"हवालदारसाहेब, गंजगोलाईच्या चौकात तुम्ही वाजवायचं. ड्रेसवर."

"ड्रेस न्हाई घालता येत, सर. सरकारी हाय."

"मग साध्या कपड्यावर. पण वाजवायचं. दुसऱ्या क्लासचा बँड कोण ऐकतो बघू!"

"वाजवंल की," चाचा म्हणाले. "आता फौजेचा मास्तर हाय तो."

दस्तगीर हसला नाही. दाढ दुखून राहिली, असं काहीतरी पुटपुटून आत गेला.

दाढेचं खरं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याला चौकात हातगाडीवर भाजलेले शेंगदाणे खाताना पाहिलं. मला पाहून त्याने पुडी खाली धरली. "बजरंग, तुझ्या क्लासची खोली दुपारची मोकळी असती का?"

दुसऱ्या दिवशी तो टॉवेलमध्ये क्लारनेट गुंडाळून आला. चाचांचं जुनं. मी दार लावलं. त्याने क्लारनेटच्या तोंडाची वेताची पट्टी, रीड, ओली केली, तोंडाला लावली, डोळे मिटले.

नुसती हवा आली.

पुन्हा फुंकलं. या वेळी एक चिरकी किंकाळी निघाली आणि मध्येच तुटली. बाहेरच्या व्हरांड्यातून एका मुलाचा आवाज आला, "सर, वर्गात शेळी घुसली का?"

या माणसाचं क्लारनेट सुरू झालं की वऱ्हाडी पानावरून उठून मांडवाबाहेर येत. ते मी स्वतः पाहिलं होतं. आता त्याचा ओठ थरथरत होता आणि हनुवटीवर थुंकी ओघळली होती.

"काय झालं, भाई?"

"बढती झाली," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. पलटणीच्या बँडात सगळ्यांत पुढे जो चालतो तो वाजवत नाही. त्याच्या हातात चांदीच्या गोळ्याची लांब काठी असते. काठी वर गेली की बँड सुरू, खाली आली की बंद. तिसरी फीत मिळाली त्या दिवशी त्याचं क्लारनेट दुसऱ्या पोराला दिलं गेलं. त्यानंतर त्याने एकदाही वाजवलं नव्हतं. हजेरी घ्यायची, पोरांचे बूट बघायचे, ड्रेस मोजून घ्यायचे, साहेबांपुढे उभं राहायचं. दिवस संपायचा.

"आणि उस्ताद?"

"हजेरीत त्यांचं नाव मी पुकारतो. ते हाजिर म्हणतात. रोज म्हणतात."

मी त्याला समजवायला लागलो. माझ्याजवळ शब्द होते, म्हणून वापरले. बढती कोणी नाकारतं का? लोक त्यासाठी जन्म घालवतात. अजून तिशीही आली नाही. असाच चढत गेलास तर सुभेदार होशील. वाजवणं काम आहे, तसं वाजवून घेणंही कामच आहे.

त्याने ऐकून घेतलं. "समदं खरं हाय. पण नोकरी एक दिवस संपणार. फिती तिथंच उतरवून ठेवायच्या. घरी मी काय घेऊन यायचं? काठी?"

त्याने टॉवेलने हनुवटी पुसली.

"फीत अजून कच्ची हाय. रजेवरून गेलो की पक्की करणार. साहेब म्हणले, मन बनवून ये. पक्की झाली की मग काठीच. आता क्लारनेट मागावं तर," त्याने हातातल्या वाद्याकडे पाहिलं, "हे असं. ओठच गेला असंल तर परत मागून करू काय?"

त्याच्या मनात एवढा एकच प्रश्न होता. ओठ परत येईल का? आला तर तो फीत सोडायला तयार होता. आला नाही तर फीतही काही कामाची नव्हती.

रोज दुपारी तो क्लासवर येऊ लागला. मी दारात खुर्ची टाकून बसायचो. मुलांना सांगितलं, आत दुरुस्ती चालू आहे. आवाजावरून ते त्यांना पटलं. चार स्वर सरळ लागायचे, पाचवा फाटायचा. तो जोर लावायचा, मग ओठ सुजायचा, मग दुसऱ्या दिवशी चारही लागायचे नाहीत.

मिरवणुकीचा दिवस उजाडला. सकाळचं ऊन, गंजगोलाईत खच्चून गर्दी. जीपमध्ये पुनम हार सांभाळत अवघडून बसलेली. महादेवप्पासर फेटा बांधून पुढे. गोलाईत आल्यावर बँड थांबला. इथे मास्तर एकटा वाजवतो, ही जुनी पद्धत. अकरमचाचांनी आपलं क्लारनेट गळ्यातून काढून दस्तगीरपुढे धरलं.

"घे, बेटा."

दस्तगीरने हात पुढे केला नाही. मी दोघांच्या अगदी जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"अब्बा, मी तिथं मास्तर न्हाई झालो. मी काठीवाला झालो."

"म्हंजे?"

"पुढं काठी घेऊन चालतो. वाजवत न्हाई. सालभर झालं. आता वाजत बी न्हाई."

मागचा ढोलवाला टिपरी उचलून वाट बघत होता.

"आपल्यात ज्याला वाजवता येत न्हाई त्याला खुळखुळा देतात," चाचा हळूच म्हणाले. "तुला वाजवता येत व्हतं म्हणून काठी दिली?"

"हौ."

"अजब फौज हाय तुमची."

त्यांनी क्लारनेट परत आपल्या तोंडाला लावलं. गोलाईत तेच वाजले. टाळ्या पडल्या. महादेवप्पासर माझ्या कानात म्हणाले, "हवालदारांची दाढ लईच दुखते वाटतं?" मी मान हलवली.

घरी आल्यावर हसीनाचाची आधी रडल्या. "मी गल्लीभर जिलेबी वाटली, रे."

"मंग काय वापस मागती का?" चाचा म्हणाले. "लोकांनी खाल्ली, पचली. तू हिकडं ये, दस्तगीर. उजेडात बस."

त्यांनी त्याला दारात बसवलं. अंगठ्याने त्याचा खालचा ओठ दाबला, कडेला ओढला, सोडला. शिंपी कापड बघतो तसं बघितलं.

"जोर लावत व्हतास का?"

"हौ."

"गाढव. ओठ सुटलाय, गेला न्हाई. सुटलेल्या ओठावर जोर लावतात का? एकच सूर धरायचा. हलका. ओठ दुखायच्या आत ठेवून द्यायचं. गाणं न्हाई, काई न्हाई."

"येईल का, अब्बा?"

"मला कावीळ झाली तवा चार महिने क्लारनेट भिंतीला व्हतं. मी काय मंग खुळखुळा घेतला?"

दस्तगीर मान खाली घालून हसला. रजेवर आल्यापासून मी त्याला पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं.

त्यानंतर सकाळी त्यांच्या घरातून एकच सूर यायचा. लांब, सपाट. आधी थरथरायचा. मग कमी थरथरायला लागला. तारामतीमावशी म्हणाल्या, "हवालदाराला येवढंच येतं का गं?" रजा संपत आली तेव्हा तो सूर विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ उतरायचा. एका सकाळी त्याला दुसरा जोडला गेला, मग तिसरा. चाचा आतून ओरडले, "बास! आता चहा पी!" त्यांच्या आवाजात जे होतं ते मला बाहेर रस्त्यावर कळलं.

दस्तगीरचं मन बनलं होतं. पण एक अडलं होतं. "उस्तादांना विचारल्याबिगर कसं सोडू? त्यांना वाटंल, मी भीक घालून राहिलो."

सटवाजीही रजेवर होता, भोकरला. आम्ही एसटीने नांदेडला गेलो, तिथून भोकर. सटवाजी अंगणात बाजेवर बसून हरभऱ्याची डाळ निवडत होता. दस्तगीरला पाहून उभा राहिला.

"या, हवालदारसाहेब."

"उस्ताद, असं नका म्हणू."

"बाहीवर जे हाय ते म्हणलं."

त्याची बायको जगदेवी पाणी घेऊन आली. दस्तगीरने तांब्या हातात तसाच धरून सांगून टाकलं. फीत पक्की करून घेणार नाही. क्लारनेट परत मागणार. काठी तुमच्याकडे यावी.

सटवाजीचा चेहरा बदलला. "मला दान देतो काय रं? मी मागितली व्हती काठी? साहेबांनी तुला दिली, मी गप बसलो. आता तुझं मन भरलं, म्हणून माझ्या पदरात टाकतो?"

"न्हाई, उस्ताद..."

"गप. सात वर्षांत फीत मिळाली, त्यात तुझी काय चूक? पर मिळाली तर निभाव की. अशी पोरं दोन दिवस चढतात अन् तिसऱ्या दिवशी रडतात."

तेवढ्यात जगदेवीबाई दारातून म्हणाल्या, "अवं, त्याला दाताचं सांगा की. का तेबी मीच सांगू?"

"तू आत जा."

"जात न्हाई. रोज घरात कन्हत बसता अन् पोरावर गुरकून राहिलेत. तोंड उघडा."

सटवाजीने निवडायची डाळ बाजूला सारली. मग तोंड उघडलं. वरचे समोरचे दोन दात नव्हते. तिसरा हलत होता.

दस्तगीरच्या हातातला तांब्या कलला. ट्रंपेट समोरच्या दातांच्या आधारावर वाजतं, एवढं मलाही माहीत होतं.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"पर परेडला तर तुम्ही..."

"गाल फुगवतो. नुसते. हवा सोडत न्हाई. बाजूची पोरं जोरात वाजवतात, मला सांभाळून घेतात. डॉक्टरला कळलं तर हे म्हातारं काय कामाचं म्हणून घरी धाडतील."

"मला कसं कळलं न्हाई?"

आता सटवाजी हसला, तोंडावर हात ठेवून. "तू पुढं तोंड करून चालत व्हतास ना, लेका. काठी फिरवत. मागं कोण वाजवतंय अन् कोण नुसता फुगतोय, तुला काय दिसणार? दोन वर्षं आणखी रांगेत राहिला असता तर तुझा कान पिकला असता. पाठीवरूनसुद्धा ऐकलं असतं."

दस्तगीर बाजेच्या कडेवर बसला.

सटवाजी म्हणाला, "आपल्या बँडात काठी आजवर कोणाला गेली ते आठव. जाधव हवालदाराचं दमानं फुफ्फुस गेलं व्हतं. त्याच्या आधीचा तो केरळवाला, त्याच्या तोंडात तर कवळी. वाजवून वाजवून जो रिकामा झाला, त्याच्या हातात काठी. साहेब नवे हायत, त्यांना हे कोण सांगणार? त्यांनी उंची बघितली."

"मंग तुम्ही घेणार?"

"दान म्हणून न्हाई घेणार."

"दान न्हाई, उस्ताद. मला माझं क्लारनेट पायजे."

सटवाजीने त्याच्या ओठांकडे पाहिलं. "हाय का पर अजून?"

"हाय."

"मंग ठीक हाय," सटवाजी म्हणाला, आणि बायकोकडे वळून, "भाकरी टाक. भाकरी पातळ टाक पर, चावायचे वांधे हायत." जगदेवीबाई आतून म्हणाल्या की आता सगळ्या गावाला सांगा. आम्ही तिघंही हसलो. परतीच्या एसटीत दस्तगीर खिडकीला डोकं टेकून झोपला तो लातूर येईपर्यंत.

तो पलटणीत परतला. काही दिवस काहीच कळलं नाही. चाचा रोज कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याला विचारायचे, फोन आला का. चाची म्हणायच्या, साहेब रागावले असतील, पोराला कोठडीत घातलं असेल. मी समजूत घालायचो, पण मलाही धास्ती होती. फौजेत असं फीत परत करणं चालतं का, कोणाला ठाऊक?

एका दुपारी बूथवाला पळत आला. आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. चाचांनी रिसीव्हर जरा लांब धरला, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल.

"अब्बा, साहेबांनी आधी लई शिव्या दिल्या," दस्तगीर सांगत होता. "मंग उस्तादांना बोलावलं, त्यांच्या तोंडात बघितलं. मंग आणखी शिव्या दिल्या. दोघांनाबी."

"पुढं?"

"काठी उस्तादांना दिली. तिसरी फीत त्यांची. त्यांना कवळी बी बसवणार. मी परत दोन फितींवर."

चाचींनी पदर तोंडाला लावला. कशासाठी, ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसेल.

"अन् क्लारनेट?" चाचांनी विचारलं.

पलीकडे खडखड झाली. मग सटवाजीचा आवाज आला, दात नसलेला, खणखणीत. "मास्तर, सलाम. फोन मी धरलाय. ऐका."

क्लारनेट सुरू झालं. पाचवा स्वर आला आणि फाटला नाही. चाचांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी काही न बोलता रिसीव्हर चाचींच्या कानाला लावला.

"कोण वाजवून राहिलंय?" चाचींनी विचारलं.

"आपला हाय," चाचा म्हणाले.